दार जरा किलकिलं

मराठीत 'काढणे' या क्रियापदावर जेवढं ओझं आहे, तेवढं आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावरही नसेल. माणूस फोटो काढतो, कर्ज काढतो, गळा काढतो, खोडी काढतो, आजारपण काढतो; कुणाची तरी आठवण काढतो आणि कसेबसे दिवसही काढतो. नागपूरकरांनी या बिचाऱ्या क्रियापदाच्या डोक्यावर आणखी एक अवजड वस्तू चढवली आहे. आम्ही कूलर काढतो. होळीची राख थंड झाली, पळसाने रानात आपला केशरी बाजार उठवायला घेतला, की भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "काढला का कूलर?" गंमत अशी की मार्चात आम्ही कूलर काढतो म्हणजे तो खिडकीत बसवतो, आणि जुलैत कूलर काढतो म्हणजे तो खिडकीतून उतरवतो. वाक्य तेच. परगावच्या माणसाचा यात गोंधळ होतो. आमचा कधीच होत नाही. बोलणाऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं की पुरतं. मार्चातला घाम येतो तिथेच वाळून जातो, जुलैतला नको असलेल्या पाहुण्यासारखा चिकटून बसतो.

कूलर कधी काढायचा यावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष फेब्रुवारीच्या अखेरीसच पदराने वारा घ्यायला लागतो. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असतं की एवढ्यात नको. आत्तापासून सवय लागली तर मे महिन्यात काय करायचं? आमच्या घरी हा दुसरा पक्ष म्हणजे अण्णा, माझे वडील. एका सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात त्यांची हयात गेली होती आणि उन्हाळ्याकडेही ते अंदाजपत्रकासारखंच बघत. मे महिन्याची तरतूद मार्चात खर्ची टाकणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आई त्यांच्याशी वाद घालत नसे. ती फक्त संध्याकाळी त्यांची खुर्ची पंख्यापासून हातभर लांब सरकवायची आणि वाफाळता चहा पुढे ठेवायची. दोन दिवस अण्णा रुमालाने मान पुसत. तिसऱ्या दिवशी, जणू हा विचार त्यांनाच सुचला अशा स्वरात, ते जाहीर करत, "रविवारी कूलर काढू." आता त्या पक्षाचा मी एकमेव उरलेला सभासद आहे. यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझी खुर्ची थोडी सरकलेली दिसली. चहाही नेहमीपेक्षा गरम होता. माझ्या बायकोला ही युक्ती कुणी शिकवली ते मला ठाऊक आहे, आणि शिकवणारी आता नाही, म्हणून मीही तो चहा मुकाट्याने संपवला.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगताना आम्ही थोडे फुशारतो, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्यांनी हिमालयाबद्दल किंवा समुद्राबद्दल बोलावं तसं आम्ही पाऱ्याबद्दल बोलतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले, हे आम्ही असं सांगतो की जणू त्या दिवशी प्रत्येकाने घरून थोडी थोडी वर्गणी दिली होती. २०२४च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली, दूरच्या नातेवाइकांचे फोन आले, आणि मग हवामान खात्याने खुलासा केला की संवेदक बिघडला होता. आम्हाला त्या यंत्राचा राग आला नाही. ऐन नवतपात, रोहिणी नक्षत्रात शिरलेल्या सूर्याखाली, डोक्याला दुपट्टा न बांधता आणि खिशात कांदा न ठेवता उघड्यावर उभं राहिलं तर कुणाचंही डोकं फिरेल.

राज्यकर्त्यांना हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं तेव्हा इंग्रज सरकार उन्हाळ्यात आपलं बाडबिस्तार घेऊन पचमढीला जायचं. आपलं सरकारही अधिवेशनासाठी इकडे येतं ते बहुधा डिसेंबरात, संत्री गोड झाली असताना. हिवाळ्यात सगळ्यांचं असलेलं हे शहर उन्हाळ्यात फक्त आमचं उरतं. शाळासुद्धा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरत आला की उघडतात, आणि लहानपणी पुण्यामुंबईच्या भावंडांवर कुरघोडी करायला आमच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

तर रविवार उजाडतो आणि जिन्याखालच्या अंधारातून कूलर बाहेर ओढला जातो. त्याच्या अंगावर जुनी चादर असते. आठ महिने बुरखा घेऊन कोपऱ्यात बसलेल्या या महाशयांना घरात कुणी रिकामं बसू दिलेलं नसतं. कूलर म्हणजे पाय असलेलं कपाट, ही आमच्याकडची समजूत. पावसाळ्यात त्याच्या पोटात गळक्या छत्र्या जातात, दसऱ्यानंतर उरलेल्या रंगाचा डबा, जानेवारीत मोडलेली चक्री. यंदा मागची चौकट उघडली तर आत पहिल्यांदा हाताला लागला तो दिवाळीचा आकाशकंदील. त्याच्या झिरमिळ्या उंदराने कुरतडल्या होत्या की काळाने, कोण जाणे. त्याखाली एक टेनिसचा चेंडू, एका पायाची चप्पल, गेल्या वर्षी हरवल्यामुळे मोलकरणीशी थोडा अबोला झाला होता तो पक्कड, आणि कुठल्याशा पाखराने अर्धवट सोडून दिलेलं घरटं. त्या घरट्यात काड्यांच्या जोडीला आमच्याच ताटीतलं गवत होतं. म्हणजे त्या पाखरालाही उन्हाळ्याची तयारी करायची होती. मध्येच त्याचा विचार का बदलला असेल, या प्रश्नावर मी पाच मिनिटं उकिडवा बसून राहिलो. बायको म्हणाली, "अहो, पक्कड सापडली ना? मग उठा, आणि तिची माफी मागा." पकडीची की मोलकरणीची, हे तिने स्पष्ट केलं नाही.

मग येतो कूलरवाला. मार्चात त्याची किंमत नवरदेवाहून जास्त असते. चार वेळा 'निघालोच' म्हणून पाचव्या वेळी तो खरंच येतो, सायकलच्या जागी आता मोटरसायकल असते, पण पिशवी तीच, पाने-पेचकसांच्या वजनाने एका बाजूला लोंबलेली. आमचा कूलरवाला कूलरभोवती आधी एक प्रदक्षिणा घालतो. मग पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकतो, जसा वैद्य छाती वाजवून ऐकतो. "काकाजी, मोटर तं मस्त आहे. कंडेन्सर गेला आहे. पण टाकी पाहून राहिले ना तुम्ही? सडली ना बापा." टाकी सडली हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. लहानपणी आम्ही तिच्या तळाला उकळतं डांबर फासत असू. नंतर एम-सील आलं आणि दर वर्षी एक नवं भोक त्याने बुजवलं जाऊ लागलं. आज त्या टाकीत पत्रा जास्त आहे की एम-सील, हे प्रयोगशाळेतच कळेल. तसं पाहिलं तर या कूलरची मोटर तीनदा बदलली, पंख्याची पाती दोनदा, पंप तर दर दोन-तीन वर्षांनी, मागची चौकट एकदा, आणि खालचा लोखंडी स्टँड शेजाऱ्यांनी घर बदललं तेव्हा त्यांच्याकडून आला. तरीही आम्ही त्याला 'अण्णांनी घेतलेला कूलर' म्हणतो. कूलरवाला नवा घ्या असं दर वर्षी एकदा सुचवतो, मी दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, आणि दोघंही आपापलं कर्तव्य केल्याच्या समाधानाने ताट्यांकडे वळतो.

ताट्या हा खरा गाभा. कूलरच्या तीन बाजूंना त्या लागतात आणि दर हंगामाला नव्या भराव्या लागतात. आत जे भरतात त्याला आम्ही बेधडक गवत म्हणतो. ते असतं लाकडाच्या केसासारख्या बारीक ढलप्यांचं. हल्ली मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या जाड कागदी ताट्याही मिळतात, त्या चार-पाच वर्षं टिकतात म्हणे. पण ज्याने एकदा वाळ्याची ताटी लावली त्याच्या नाकाला बाकीचं सगळं उपरं वाटतं. बाळाच्या पायातला वाळा आवाजाने कळतो, हा वाळा वासाने. एका गवताची ही मुळं. जमिनीत वाढताना त्यांनी पहिल्या पावसाचा वास साठवून ठेवलेला असतो आणि नेमका पाऊस नसताना ती तो परत करतात. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे की बादशहाच्या हुकमावरून या मुळ्या बांबूच्या चौकटीत भरून त्यांच्यावर पाणी शिंपडायची पद्धत रुळली. म्हणजे आमच्या जिन्याखालच्या गंजक्या पेटीचं घराणं थेट मोगल दरबारापर्यंत जातं. पुढे एकोणिसाव्या शतकात साहेबांनी 'थर्मँटिडोट' नावाचं एक प्रकरण खिडकीत बसवलं. नाव एखाद्या कडू औषधाचं वाटतं, आणि होतंही तसंच, उकाड्यावरचा उतारा. मोठी पेटी, आत फिरणारी पाती, बाजूंना वाळ्याच्या ताट्या. हुबेहूब आपला कूलर. फरक एवढाच की मोटरच्या जागी माणूस असे. साहेब आत थंड वाऱ्यात झोपे आणि दांडा फिरवणारा बाहेर उन्हात बसे. त्या माणसाला कधी तरी एखादी झुळूक चुकून मिळत असेल का, असं नवी ताटी हुंगताना माझ्या दर वर्षी मनात येतं.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३०च्या दशकात हेच यंत्र घरोघरी पोचलं. तिथे त्याला दलदलीचा कूलर म्हणतात. आम्ही भर वस्तीत राहून त्याला डेझर्ट कूलर, म्हणजे वाळवंटाचा कूलर म्हणतो. वाळवंटातल्यांना दलदलीची ओढ आणि आम्हाला वाळवंटाचा अभिमान, एवढाच यातून अर्थ निघतो.

त्यामागचं शास्त्र माठाला ठाऊक आहे, कुत्र्याच्या जिभेला ठाऊक आहे. पाणी उडून जाताना भोवतालची ऊब सोबत घेऊन जातं. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. भर दुपारी हवेतला ओलावा अनेकदा वीस टक्क्यांच्याही खाली उतरलेला असतो, अशा वेळी मोठा कूलर तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. आता एसीवाले ज्याला टन म्हणतात तो वजनाचा टन नव्हे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी ताकद. कागदावर मांडून पाहिलं तर तासाला दहा लिटर पिणारा आपला गंजका कूलर जवळजवळ दोन टनांचं काम करतो, आणि तेही दीड टनाच्या एसीला लागते त्याच्या अगदी थोड्या विजेत. मग दोन टनांची थंडी जाते कुठे? ती दारातून बाहेर जाते. कारण कूलरची मुख्य अटच ती आहे. एक दार किंवा एक खिडकी उघडी पाहिजे. सगळं बंद करून कूलर लावला तर अर्ध्या तासात खोलीची शेवाळलेली विहीर होते, पापड मऊ पडतात आणि माणसंही.

म्हणून नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घरात काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात. "दार जरा किलकिलं ठेव." "एवढं नाही, झळ येऊन राहिली." "आता फार बंद झालं." चार बोटं की पाच बोटं यावर घराघरात मतभेद आहेत. आमच्याकडे दाराच्या फटीत एक विवक्षित विटकर ठेवली जाते. तिची जागा अण्णांनी खडूने आखून दिली होती. आणि दार किलकिलं असलं की त्यातून थंडी बाहेर जाते तशी माणसं आत येतात. शेजारच्या काकू बेल न वाजवता डोकावतात, हातात वाटी झाकलेली, "सरगुंडे केले होते," म्हणतात आणि पाऊण तास कूलरसमोर बसतात. टपालवाला पत्र टाकायला वाकतो तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहतो. गल्लीतलं कुत्रं त्या फटीला नाक लावून आडवं होतं. आम्ही विकत घेतलेल्या वाऱ्यातला निम्मा असा गावभर वाटला जातो, आणि त्याबद्दल कधी कुणाला हिशेब विचारावासा वाटला नाही. अण्णांनीसुद्धा विचारला नाही, ही त्यांच्या चरित्रातली एक न उलगडलेली गोष्ट आहे.

कूलरला धाक मात्र लागतो. तो लोखंडाचा, पोटात पाणी, पाठीत वीज. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायची, पायात रबरी चप्पल हवी, तीन पायांच्या पिनेचा तिसरा पाय खरा असला पाहिजे, दाखवायचा नव्हे. महावितरण दर वर्षी हेच सांगतं, आणि विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर वर्षी एखादी बातमी येतेच, जी वाचून घर थोडा वेळ गप्प होतं. पावसाळ्याच्या तोंडाला महापालिकेची माणसं येऊन टाकीत बॅटरी मारून बघतात. तुंबलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्याचा पंखवाला होतो. त्या तपासणीच्या दिवशी मी परीक्षेला बसल्यासारखा उभा असतो.

यंदा दोन तयाऱ्या करायच्या होत्या, कारण तीन वर्षांपूर्वी मुलाने आमच्या झोपायच्या खोलीत एसी लावून दिला आहे. तो बंगळुरूला असतो, आणि आईवडिलांची काळजी एवढ्या लांबून वाहता येण्यासारख्या वस्तूंमध्ये एसी बऱ्यापैकी वर आहे. एसी काढायचा नसतो. त्याची 'सर्व्हिस' करायची असते. ती करायला गणवेशातला एक तरुण आला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून. त्याने काही टिचकी मारली नाही, हळहळला नाही, काही सडलं आहे असंही म्हणाला नाही. जाळ्या काढून धुतल्या, पंपाने पाण्याची धार मारली, गॅस तपासला, वीस मिनिटांत सगळं जागच्या जागी. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ओटीपी." मी मोबाइल शोधला, चष्मा शोधला, संदेश येईना, रेंजसाठी गच्चीवर गेलो, तिथे ऊन असल्यामुळे पडद्यावरचं दिसेना, म्हणून पुन्हा खाली आलो. खोली गार झाली आहे ही गोष्ट आम्हा दोघांच्या अंगाला कळत होती, पण चार आकडे जुळेपर्यंत ती झाली असं म्हणता येत नव्हतं. अखेर आकडे मिळाले. "थँक यू सर, पाच स्टार द्या," म्हणून तो गेला. कूलरवाला जाताना चहा पितो आणि आमच्या गावाकडची चौकशी करतो. याला मी चहा विचारला होता; त्याला पुढच्या घरी साडेअकराला पोचायचं होतं. त्याच्या कपाळावर मात्र घाम होता, तो चांगला मार्चचा, आल्या जागी वाळणारा.

एसीशी माझं भांडण नाही. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याची जुळणी केली ती माणसांसाठी नव्हेच. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. एक यंत्र हवेतलं पाणी काढतं, दुसरं हवेत पाणी घालतं. एकाला दारं बंद लागतात, दुसऱ्याला उघडी. आमच्या घरात दोघंही नांदतात, सासू-सुनेच्या समजूतदारपणाने. नवतपा संपेपर्यंत कूलरचं राज्य, मृगाच्या सरी येऊन हवा जड झाली की एसीचं. मुलाने एसी चोवीस अंशांवर ठेवायला बजावलं आहे. सरकारचंही तेच म्हणणं आहे. २०२०पासून नवे एसी चालू करताच चोवीसवरच येतात. बाहेर चव्वेचाळीस असताना चोवीसचा आकडा वाचूनच मला सर्दी होते.

कूलरच्या रात्रींना आकडा नव्हता. लहानपणी सुटीत आत्या, मामेभाऊ, चुलतबहिणी असे दहा-बारा जण दिवाणखान्यात ओळीने झोपायचे, आणि कूलरच्या बरोब्बर समोरची जागा पाहुण्याची. तो मान होता. पाहुणा पहिले दोन तास धन्य असायचा आणि मग रात्रभर कुडकुडायचा, पण मानाची जागा सोडता येत नाही. झोपायच्या आधी आम्ही पंख्यासमोर तोंड धरून 'आ' म्हणायचो आणि आमचा आवाज तुकडे तुकडे होऊन परत यायचा. त्या तुकड्यांत प्रत्येकाला आपण मोठेपणी कोण होणार ते ऐकू येत असे. मग ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज, मोटरची घरघर, एक सैल झालेला पत्रा दर अर्ध्या मिनिटाला 'टणक' म्हणायचा. नवख्यांची झोप त्याने उडायची. आमची तो थांबला तरच उडायची. पहाटे चारला बाहेरची हवा उतरायची आणि खोलीत हिमालय व्हायचा. दुपारी पंचेचाळीस अंश पाहिलेली भावंडं एका गोधडीसाठी झोपेत लाथा मारायची. आणि सकाळी उठून पाहावं तर प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही असायचं, चादर, पंचा, आईचं जुनं लुगडं, एकदा तर टेबलावरचा रुमाल. श्रेय आईला जायचं. तीही ते घ्यायची. अण्णा गेल्यावर एका उन्हाळ्यात ती सहज म्हणाली, "मी कुठली उठते? मला मेली गाढ झोप. हेच उठायचे चारला. पंप बंद करायचे, पंखा राहू द्यायचे, आणि सापडेल ते तुमच्यावर टाकायचे. टेबलावरचा रुमालसुद्धा त्यांनीच टाकलेला."

गेल्या मे महिन्यात एका रात्री लाईन जाऊन आली आणि व्होल्टेज असं काही पडलं की कूलर घरघर करून बसला. आम्ही एसीच्या खोलीत गेलो, दार बंद करून. पहाटे केव्हा तरी मला जाग आली ती शांततेने. एसी थांबला होता, पंखा हळू फिरत होता, बायको पांघरूण न घेताही नीट झोपली होती. बिघडला असेल म्हणून मी सकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बिघडला नाही बाबा, मी बंद केला. फोनवरून होतो तो. आईला पहाटे गार होतं ना." मी विचारलं, तू चार वाजता जागा कसा? तर म्हणाला, "माहीत नाही, येते जाग."

दिवाणखान्याच्या खिडकीची सागवानी चौकट आम्ही घराला तीनदा रंग देऊनही रंगवलेली नाही. आतल्या बाजूला, कूलर बसवल्यावर झाकली जाते त्या जागी, अण्णांच्या पेन्सिलच्या नोंदी आहेत. '१९८३, ८ एप्रिल. ताट्या ३. पंप दुरुस्त.' '१९८५, ३१ मार्च. टाकीला डांबर.' '१९८७, मोटर जळली. ताईचं लग्न.' या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच मापाच्या अक्षरात. पुढे अक्षर थोडं थरथरतं, मग माझं सुरू होतं. तारखाही हळूहळू एप्रिलमधून मार्चमध्ये सरकल्या आहेत. ऊन वाढलं की आमचा धीर कमी झाला, ते चौकट सांगत नाही. यंदाची नोंद मी परवा केली. 'ताट्या ३, वाळ्याच्या. कंडेन्सर नवा. टाकी तीच. पक्कड सापडला.' बायकोने वाचून 'सापडली' अशी दुरुस्ती केली, आणि तीही राहू दिली आहे.

उन्हाळ्यात नागपूरला कुणी येत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण तुम्ही आलात, तर दुपारी दोन ते पाच केव्हाही या. बेल वाजवू नका. कूलरच्या आवाजात ती ऐकू येत नाही. दार ढकला, उघडंच असतं. फक्त विटकर परत जागेवर ठेवा.